परदेशातून येणारा खाऊ आणि आपले शिवार : नियमांची ओळख

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याची ओळख आज हळदीमुळे सर्वदूर झाली आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. हळदीवरील संशोधन व प्रशिक्षण यांसाठी मा. बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमत येथेच स्थापन करण्यात आले आहे. ज्या तालुक्यातील कुटुंबांचा संसार एका कंदावर एवढ्या प्रमाणात अवलंबून आहे, त्या तालुक्यात बाहेरून कोणते बी, कोणता कंद आणि त्यांच्याबरोबर कोणती कीड येते, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

मराठवाड्यातील गावांचा परदेशाशी संबंध आता पूर्वीइतका तुरळक राहिलेला नाही. उच्च शिक्षणासाठी मुले-मुली परदेशी जातात, नोकरीसाठी तरुण आखाती देशांत जातात, भाविक हज व उमरा यांसाठी मक्का-मदिनेस जातात, आणि परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे सणासुदीला गावी येतात. परतताना घरच्यांसाठी व शेजाऱ्यांसाठी खाण्याचे काही आणावे, रिकाम्या हाताने उंबरठा ओलांडू नये, ही आपली रीत आहे. या रीतीत गैर काहीच नाही. मात्र परदेशातून खाद्यवस्तू आणण्यासंबंधी जे नियम आहेत, त्यांची माहिती फारच थोड्यांना असते. काहींच्या मते घरच्यापुरते आणलेले काहीही चालते, तर काहींच्या मते खाण्याची कोणतीही वस्तू विमानतळावर जप्त होते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. नियमांमागील विचार एकदा लक्षात आला, म्हणजे कोणती वस्तू निर्धास्तपणे आणावी, कोणती दाखवून आणावी आणि कोणती आणूच नये, हे सामान्य माणसासही ठरविता येते.

नियमामागील मुख्य प्रश्न

प्रवासी सामानाच्या बाबतीत सर्वसाधारण माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो किमतीचा. सोने किती, घड्याळ किती रुपयांचे, त्यावर शुल्क किती, अशी चौकशी केली जाते. २०१६ च्या प्रवासी सामान नियमांत बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशास शुल्कमुक्त वस्तूंसाठी ५० हजार रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली होती. अशा मर्यादा शासन वेळोवेळी बदलते आणि प्रवासापूर्वी त्या पाहून घेणे इष्ट असते. परंतु खाद्यवस्तूंच्या बाबतीत किमतीचा प्रश्न गौण आहे. चार आण्याचे बी आणि हजार रुपयांचे चॉकलेट यांत अधिक धोक्याचे बी असते.

खाद्यवस्तूंसंबंधीचे नियम मुख्यतः एकच प्रश्न विचारतात. ही वस्तू जिवंत आहे काय, अथवा ती आपल्याबरोबर दुसरा एखादा जीव आणू शकते काय? भाजलेले, उकळलेले, तळलेले अथवा कारखान्यात डबाबंद केलेले पदार्थ बहुधा निर्जीव असतात. ताजे फळ निर्जीव नसते. त्यात फळमाशीची अळी असू शकते. ताजा कंद तर स्वतःच बियाणे असतो. कच्च्या मांसात जनावरांच्या रोगाचे विषाणू टिकून राहू शकतात. पदार्थ चांगला की वाईट, शुद्ध की भेसळीचा, हा वेगळा प्रश्न आहे. माणसाच्या आरोग्यास पूर्णतः निर्धोक असलेले फळसुद्धा शेताच्या दृष्टीने घातक ठरू शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इतिहासाने शिकविलेले धडे

या नियमांची निकड कोठून निर्माण झाली, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होते. आयर्लंड देशात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करप्याचा रोग पडला. हा रोग अमेरिका खंडातून युरोपात आला होता. गरीब जनतेचे मुख्य अन्न असलेले पीक लागोपाठ अनेक वर्षे जमिनीतच सडले. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली व जवळजवळ तेवढ्याच लोकांना देश सोडावा लागला. बटाट्याची लागवड बटाट्यापासूनच होते, म्हणून रोगट बेण्याबरोबर रोग एका हंगामातून दुसऱ्या हंगामात गेला. हळदीची लागवडही कंदापासूनच होते, हे साम्य वसमतच्या शेतकऱ्याने विसरता कामा नये.

महाराष्ट्रातील उदाहरण तर प्रत्येकाच्या बांधावर उभे आहे. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले. आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. गहू खाण्यासाठी आला होता. त्यासोबत आलेले तण मात्र शेतात, रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात कायमचे राहिले. त्याच्या निर्मूलनासाठी पुढे १९८४ साली मेक्सिकन भुंगे भारतात सोडण्यात आले. तरीही हे तण गेलेले नाही.

पपईवरील पिठ्या ढेकणाची कथा अलीकडची आहे. मध्य अमेरिकेकडील ही कीड २००८ साली तामिळनाडूतील कोइमतूर येथे आढळली आणि अल्पावधीत महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचली. तिचा नायनाट करणाऱ्या परोपजीवी कीटकांच्या जाती २०१० साली पोर्टो रिको येथून रीतसर परवान्याने आणून, तपासून व वाढवून सोडण्यात आल्या, तेव्हा ही कीड आटोक्यात आली. या एकाच प्रकरणात दोन्ही वाटा दिसतात. एक वाट आडमार्गाची, ज्या वाटेने कीड आली. दुसरी वाट तपासणीची, ज्या वाटेने तिच्यावरील उपाय आला. परदेशातून काहीच येऊ नये, असा नियमांचा आग्रह कधीही नव्हता. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका आणि आज हिंगोली जिल्ह्यात सर्वत्र दिसणारे सोयाबीन ही सारी पिके मूळची परदेशीच होत. ती येताना कोणत्या वाटेने येतात, हा महत्त्वाचा मुद्दा आहे.

जनावरांच्या बाबतीत हेच घडते. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुत रोगाची मोठी साथ आली. डुकरांना घातलेल्या उष्ट्या-खरकट्या अन्नातून, बेकायदा आलेल्या मांसाद्वारे ती सुरू झाली असावी, असा निष्कर्ष काढण्यात आला. साथ आटोक्यात आणण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०२० साली भारताच्या ईशान्य भागात प्रथम नोंदविला गेला. या रोगाचा विषाणू खारविलेल्या व वाळविलेल्या मांसातही दीर्घकाळ टिकतो. लाल कंधारी गाय आणि देवणी बैल ज्या प्रदेशाचे वैभव आहे, त्या प्रदेशाला अशा रोगांची किंमत निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

कोणते कायदे लागू होतात

परदेशातून येणाऱ्या वनस्पतिजन्य वस्तूंवरील नियंत्रणाचा पाया १९१४ च्या नाशक कीटक व उपद्रवी कीड अधिनियमात आहे. त्याअन्वये केंद्र शासनाने २००३ साली वनस्पती विलग्नवास आदेश काढला. विलग्नवास म्हणजे प्रचलित भाषेत क्वारंटाईन होय. बी, रोप, कलम, कंद, फळ, धान्य यांच्या आयातीसाठी कोणता परवाना लागतो व निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने दिलेले रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र केव्हा आवश्यक असते, हे या आदेशात सांगितले आहे. लागवडीच्या साहित्याबरोबर येणारी माती निषिद्ध आहे. वैयक्तिक वापरासाठी आणलेली २ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाची फळे, भाज्या, फुले व हार यांना परवाना व प्रमाणपत्र यांबाबत सवलत ठेवलेली आहे. तथापि तपासणी करण्याचा आणि कीड आढळल्यास वस्तू नष्ट करण्याचा अधिकार कायम असतो. लागवडीच्या बी-बियाण्यास ही सवलत नाही.

मांस, अंडी, दूध व तत्सम पदार्थांसाठी १८९८ चा पशुधन आयात अधिनियम लागू होतो. आरंभी हा कायदा जिवंत जनावरांपुरता होता. २००१ साली त्यात दुरुस्ती करून पशुजन्य पदार्थांचाही समावेश करण्यात आला. असे पदार्थ आणण्यासाठी स्वच्छताविषयक आयात परवाना लागतो. विक्रीसाठी आणावयाच्या खाद्यपदार्थांस याशिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखालील तपासणी असते. या सर्वांची प्रत्यक्ष अंमलबजावणी विमानतळावर व बंदरावर होते ती १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमान्वये. या कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे आपल्या सामानात काय आहे, हे जाहीर करण्याची जबाबदारी प्रवाशाची असते.

सामानाची चार गटांत विभागणी

कायद्याची कलमे पाठ करण्याची आवश्यकता नाही. सामान भरतानाच पुढील चार गट डोळ्यांसमोर ठेवले, तर बहुतेक प्रश्न सुटतात.

पहिला गट निर्धास्त वस्तूंचा. बिस्किटे, चॉकलेट, गोळ्या, चहा, कॉफीची पूड, भाजलेला व खारवलेला सुकामेवा, मुरंबे, डबाबंद फळे या वस्तू कारखान्यातून आलेल्या मूळ वेष्टनात, घरच्यापुरत्या प्रमाणात आणल्यास सहसा अडचण येत नाही. मूळ वेष्टन फोडून वस्तू साध्या पिशवीत भरल्यास मात्र ती काय आहे, हे अधिकाऱ्यास ओळखता येत नाही आणि विनाकारण खोळंबा होतो.

दुसरा गट तपासून व दाखवून आणण्याच्या वस्तूंचा. खजूर, अंजीर, न भाजलेले बदाम व अक्रोड, ताजी फळे यांचा यात समावेश होतो. यात्रेहून परतणारे भाविक खजूर आणतात. तो स्वच्छ, कीड नसलेला व बंद वेष्टनातील असावा, आणि खाऊन झाल्यावर त्याच्या बिया परसात वा शेतात टाकू नयेत. झमझमच्या पाण्याविषयी विमान कंपन्यांचे स्वतंत्र नियम असतात. हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना ५ लिटरचा डबा परतीच्या विमानतळावर देण्याची व्यवस्था करण्यात येते. त्यामुळे स्वतःच्या सामानात बाटल्या भरून आणण्याची गरज राहत नाही.

तिसरा गट पशुजन्य पदार्थांचा. कच्चे, खारविलेले अथवा वाळविलेले मांस, मांसाचे पदार्थ, अंडी, लोणी, चीज, मासे हे सारे पदार्थ सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करणे आवश्यक असते. परवान्याशिवाय ते आणू नयेत, हेच उत्तम. उरलेसुरले मांस जनावरांच्या वा कुत्र्यांच्या पुढे टाकणे किती महागात पडू शकते, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसून आलेच आहे.

चौथा गट लागवडयोग्य वस्तूंचा, आणि वसमतच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. ताजी हळद, ताजे आले, लसूण, बटाटा, रताळे, फळझाडाची कलमे, भाजीपाल्याचे बी या वस्तू आणणारा माणूस खाण्यासाठी म्हणून आणतो. परंतु ज्या वस्तूस कोंब फुटू शकतो ती घरी आल्यावर लावून पाहण्याचा मोह शेतकरी कुटुंबाला होणारच. परदेशातील बाजारात दिसलेला जाड, रंगदार हळकुंडाचा गड्डा आपल्याही रानात कसा येतो ते पाहावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात लोभापेक्षा शेतीवरील प्रेमच अधिक असते. म्हणूनच हा धोका सहज लक्षात येत नाही.

एक गड्डा आणि सारे शिवार

हळदीचे बेणे जेठ्या गड्ड्यांच्या किंवा हळकुंडांच्या रूपाने जतन केले जाते. एका शेतकऱ्याचे बेणे दुसऱ्याकडे, एका गावचे दुसऱ्या गावी जाते. कंदकूज घडविणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि मुळांवर उपजीविका करणारे सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. वरून निरोगी दिसणाऱ्या कंदात ते राहतात, पुढे बेण्याबरोबर जातात, आणि पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात उतरतात. कंदकूज व कंदमाशी यांच्याशी येथील शेतकरी आधीच झुंजत आहे. त्यांवर कोणती औषधे व कोणती बेणेप्रक्रिया करावी, याविषयी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मार्गदर्शन करते. परंतु हे मार्गदर्शन येथे ज्ञात असलेल्या रोगांसाठी आहे. बाहेरून एखादी नवी जात अथवा नवा प्रकार आल्यास त्यावरील उपाय शोधण्यात वर्षे जातात, आणि तोपर्यंत नुकसान आणणाऱ्या घराचे नसते; ते साऱ्या शिवाराचे असते.

नवे वाण हवे असल्यास त्याचीही रीतसर वाट आहे. संशोधनासाठी परदेशातून येणारे बियाणे व कंद नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत येतात. तेथे त्यांची तपासणी होते, आवश्यक तर ते बंदिस्त जागेत वाढवून पाहिले जातात, आणि निर्धोक ठरल्यावरच संशोधन केंद्रांकडे जातात. ज्या शेतकऱ्यास परदेशी वाणाविषयी कुतूहल असेल त्याने वाणाचे नाव, पाहिलेले ठिकाण व छायाचित्र घेऊन कृषी विद्यापीठास अथवा वसमतच्या संशोधन केंद्रास कळवावे. नाव व माहिती आणण्यास कोणताही परवाना लागत नाही.

विमानतळावर

वसमत परिसरातील बहुतेक प्रवासी मुंबई अथवा हैदराबाद येथे उतरतात. पारपत्राची तपासणी झाल्यावर सामान घेऊन बाहेर पडताना दोन मार्ग असतात. ज्याच्याकडे जाहीर करण्याजोगे काही नाही त्याच्यासाठी हिरवा मार्ग, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी लाल मार्ग. मांस, दुग्धपदार्थ, मासे व कुक्कुटजन्य पदार्थ, तसेच बी, रोपे, फळे, फुले व लागवडीचे साहित्य यांचा उल्लेख सीमाशुल्काच्या घोषणापत्रात स्पष्टपणे केलेला असतो. यांपैकी काहीही सामानात असल्यास लाल मार्गाने जावे.

लाल मार्गाने जाणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः तो प्रामाणिक प्रवाशाचा मार्ग आहे. दाखविलेली वस्तू तपासून परत दिली जाईल, अथवा फार तर ठेवून घेऊन नष्ट केली जाईल. न दाखविता हिरव्या मार्गाने नेलेली तीच वस्तू सापडल्यास जप्ती व दंड या दोन्ही गोष्टींना तोंड द्यावे लागते. शंका असेल तेथे विचारावे, हा साधा नियम वयोवृद्ध यात्रेकरूंनाही सांगता येण्यासारखा आहे.

टपालाने व कुरियरने येणाऱ्या पुड्यांनाही हेच नियम लागू आहेत. २०२० साली अनेक देशांतील नागरिकांना न मागविता परदेशातून बियांची पाकिटे आली. त्या वेळी केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावधगिरीची सूचना दिली होती. असे पाकीट गावात आल्यास ते उघडू नये, पेरू नये व उकिरड्यावरही टाकू नये. वेष्टनासह कृषी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे.

परत जाणाऱ्यांसाठी

गावी येऊन परदेशी परत जाणाऱ्यांच्या पिशवीत आई, काकू, मावशी चटण्या, लोणची, पापड, डाळी भरून देतात. तेथे त्या देशाचे नियम लागू होतात आणि त्यांमागील विचार आपल्यासारखाच असतो. धान्यातील खपरा किडा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. भारतीय उपखंडातील या किडीचे आपल्याकडील नावच जगभर रूढ झाले आहे. १९५३ साली ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सापडली व तिच्या निर्मूलनाचे काम १९६६ पर्यंत चालले. म्हणूनच भारतातून जाणाऱ्या प्रवाशाच्या सामानातील तांदूळ अमेरिकेत स्वीकारला जात नाही. कढीपत्त्याची पाने लिंबूवर्गीय फळांच्या रोगाचा प्रसार करणाऱ्या किडीमुळे अडविली जातात. फळमाशीमुळे युरोपीय संघाने २०१४ साली भारतीय आंब्याची आयात थांबविली होती. निर्यातीपूर्वीची तपासणी सुधारल्यावर ती बंदी पुढच्या वर्षी उठली. खसखस हा तर निराळाच प्रश्न आहे. आपल्या स्वयंपाकघरातील ही साधी वस्तू संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबिया येथे निषिद्ध असून ती जवळ बाळगल्याने अटकेचाही प्रसंग येऊ शकतो. मसाल्यात खसखस घातली आहे काय, हे पिशवी भरणाऱ्या घरच्यांनीच पाहिले पाहिजे.

गावपातळीवरील कर्तव्य

विमानतळावरील अधिकारी प्रत्येक पिशवी उघडू शकत नाही. नियमांचे खरे यश प्रवाशाच्या घरातील समजुतीवर अवलंबून असते. येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. हज यात्रेपूर्वी होणाऱ्या प्रशिक्षण शिबिरांत खाद्यवस्तूंविषयी थोडा वेळ राखून ठेवता येईल. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व कामगारांना वरील चार गटांचा कागद देता येईल. विज्ञानाच्या तासाला गाजर गवताचे एक रोपटे समोर ठेवून, ते येथे कसे आले, हे मुलांना सांगता येईल. मुलांनी ऐकलेली गोष्ट संध्याकाळी घरात पोहोचते. शेतात अनोळखी कीड वा रोग दिसल्यास तो लपवून न ठेवता ताबडतोब कृषी सहायकास कळविण्याची प्रथा ग्रामसभेने रुजविली पाहिजे. कळविणाऱ्यास दोष न देता त्याचे आभार मानले गेले, तरच ही प्रथा टिकेल.

परदेशातून आणलेला खाऊ चार घरांत वाटला जातो आणि दोन दिवसांत संपतो. त्याच्याबरोबर नकळत आलेली कीड मात्र पिढ्यानपिढ्या राहते. बी, कंद व रोप मागे ठेवून, भाजलेले, शिजविलेले व वेष्टनबंद तेवढे घरी आणण्याची सवय प्रत्येक प्रवाशाने लावून घेतली, तर घरच्यांचा आनंद कमी होणार नाही आणि हळदीचे शिवारही सुरक्षित राहील.